दातांनी ऐकणारा भाई

सायलीचा फोन आला तेव्हा मी कलमांवर फवारणी करणाऱ्या गड्यांना तरुणपणी पाहिलेल्या अजगराची गोष्ट सांगत होतो. अजगर त्या दिवशी इतका वाढला होता की त्याचं डोकं माझ्या बागेत आणि शेपूट थेट आंजर्ल्याच्या खाडीत. "काका, बाबा हलत नाहीत," एवढंच ती म्हणाली. आमच्या दोन घरांमध्ये एक दगडी गडगा आणि एक काजूचं झाड, पण त्या दिवशी तो गडगा किल्ल्याएवढा उंच झाला होता, आणि हे मी वाढवून सांगत नाही. भाई पडवीत झोपाळ्यावर टेकलेला होता, शेजारी अर्धा प्यायलेला चहा. मी त्याच्या कानात ओरडलो, "भाई!" मग लक्षात आलं, कानात ओरडून त्याला जिवंतपणीही कुठे ऐकू येत होतं...

भाई माझा चुलतभाऊ, मोठा. उभा जन्म बोटीवर, इंजिनरूममध्ये. त्या धडधडाटाने दोन्ही कान खाल्ले, समोरच्याचं बोलणं तो ओठांवरून ओळखायचा. गावी आला तो पेन्शन, एक जपानी रेडिओ (जो त्याला ऐकूच येत नसे) आणि थापांचं एक मोठं गाठोडं घेऊन. थापा मारण्यात वाडीत माझी बरोबरी करणारा तो एकटा. मी म्हटलं, यंदा एका कलमावर इतका आंबा धरला की फांदी धरायला चार माणसं ठेवली, तर तो म्हणे, आमच्या बोटीने एकदा देवमाशाला धडक दिली आणि माशाने माफी मागितली. पण मशिनबद्दल तो कधी थाप मारत नसे. ते त्याचं सोवळं होतं.

त्याने घेतलेला तो निळा छोटा ट्रॅक्टर अख्ख्या वाडीची चिखलणी करतो. चालवते त्याची मुलगी, सायली. आमची भातशेती खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या काठाला आणि घरं वर कातळाच्या सड्यावर. मध्ये ती जांभ्या दगडाची घाटी, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला थेट पऱ्या. गेल्या आषाढात एका संध्याकाळी सायली ट्रॅक्टर घेऊन वर आली, तर भाई अंगणात उभा. म्हणाला, "उद्या तू खाली जायचं नाय. गिअरबॉक्स रडतोय."

सायली हसली. "बाबा, जेवायला हाक मारते ती तुम्हाला ऐकू येत नाही, आणि गिअरबॉक्स रडलेला ऐकू आला?"

"ऐकला नाय. दुपारी डबा घेऊन तुझ्याबरोबर खाली आलो ना, तेव्हा दातांत आला."

वाडी पोट धरून हसली. मी सगळ्यांत जास्त. पण भाईचा चेहरा बघितला आणि माझं हसू मध्येच थांबलं. रत्नागिरीहून मेकॅनिकला बोलावलं. त्याने अंगणात इंजिन चालू केलं, सगळे गिअर टाकले, वरच्या रस्त्यावर फिरवून आणला. प्रामाणिक माणूस, म्हणाला, "आवाज असता तर सांगितलं असतं." आणि खरंच नव्हता. मी स्वतः कान लावून बघितला होता. इकडे रोपं लावणीला आलेली, दोन-चार दिवसांत जून झाली असती. पंचक्रोशीतले बाकीचे ट्रॅक्टर आपापल्या चिखलात. माणसं भाईच्या अंगणात येऊन गप्प उभी राहू लागली, आणि आमच्या वाडीत माणसं गप्प उभी राहिली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

सायली म्हणाली, "उद्या मी जाते. सगळ्यांची शेतं माझ्यासाठी खोळंबलीत."

"घाटीत चाक अडकलं तर?" भाई म्हणाला.

"तर अडकलं."

भाई मग आत गेला आणि लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. बोटीवरचा. "मग मी मागे उभा राहणार," म्हणाला. "आवाज फक्त उतारावर येतो, तर उतारावरच ऐकायला पाहिजे."

सकाळी पाऊस उघडला होता, पण जांभा ओला. सायली सीटवर. भाई मागच्या दांड्यावर वाकून उभा, स्क्रूड्रायव्हरचं टोक सीटखालच्या गिअरच्या पेटीला टेकवलेलं आणि लाकडी मूठ पुढच्या दातांत घट्ट. मी बाजूने चालत, हातात चिरा, चाकाखाली टाकायला. अख्खा चिरा. बरं, अर्धा. ठरलं असं होतं की भाईने तिच्या खांद्यावर एक थाप मारली की क्लच दाबायचा आणि दुसरी मारली की सोडायचा. क्लच दाबल्यावर आवाज थांबला तर दुखणं पुढे, इंजिनाकडे, नाही थांबला तर मागे, चाकांकडे. सोपं होतं. फक्त उतारावर क्लच दाबला की इंजिनाचा धरलेला हात सुटतो आणि ट्रॅक्टर मोकळा धावतो, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, आणि तिघंही त्याबद्दल बोललो नव्हतो.

पहिला उतार शांत. करवंदाच्या जाळीपाशी घाटी तोंडघशी पडते, तिथे तो आवाज आला. आधी बारीक, भरलेल्या कळशीवर नख फिरवल्यासारखा. मग घुमत घुमत इतका मोठा की तो माझ्याही कानांत शिरला. भाईचे डोळे मिटलेले. सायलीची मान ताठ. आणि त्याने थाप मारली.

तिने क्लच दाबला. ट्रॅक्टर सुटला, मी बाजूने धावलो. आवाज थांबला नाही, चाकांबरोबर वाढत गेला. भाईला पाहिजे ते उत्तर मिळालं होतं. आता दुसरी थाप... पण चाक खड्ड्यात आदळलं, भाईची मान मागे झटकली, आणि थाप आलीच नाही. मी बघत होतो, सायली वाट बघत होती. वळण समोर, खाली पऱ्या गढूळ फुगलेला, आणि ती पोरगी बापाच्या हाताची वाट बघत होती! मी ओरडलो, "सोड गो! सोड!" तिने क्लच सोडला, ब्रेकवर उभी राहिली, ट्रॅक्टर ओल्या दगडावरून तिरका घसरला. मी चिरा टाकला. चाक त्यावर चढलं, डगमगलं, आणि थांबलं. पुढचं चाक कडेपासून किती लांब होतं ते मी दर वेळी वेगळं सांगतो. खरं सांगायचं तर मी बघितलंच नाही. मी भाईकडे बघत होतो. त्याच्या हनुवटीवर रक्त, पुढचा एक दात अर्धा.

सायली उतरली. "बाबा, थाप का नाय मारलीत?"

"हात सोडला असता तर पडलो असतो." मग रक्त थुंकून म्हणाला, "मागचं बेअरिंग. कोरडं चाललंय. तेल नाय."

"तेल आहे! रोज सकाळी पेटीत पट्टी बुडवून बघते."

"कुठे बघतेस?"

"अंगणात. उभा असतो तिथेच."

आमच्या वाडीत टेकवलेला पेला सरळ उभा राहील अशी जागा नाही. भाईचंच अंगण इतकं उतरतं की तिथे सांडलेलं दूध माझ्या दारात येतं. आणि ट्रॅक्टर नेहमी तोंड चढाला करून लावायचा, मागच्या चाकाला दगड, ही शिस्तही भाईचीच. म्हणजे तेल सगळं मागे, पट्टी मागेच, आणि पट्टी रोज सांगणार, भरलेलं आहे. घाटी उतरताना तेच तेल पुढे धावायचं, मागे कोरडं. भाईने कपाळावर हात मारला. "माझ्या पोरीला मीच मारली असती रे, मेल्या," मला म्हणाला. मग इतक्या मोठ्याने हसला की पऱ्यापलीकडच्या म्हशी उठल्या.

ट्रॅक्टर वर आणला. तेल नीट मोजायला गावात सपाट जागा एकच, शिमग्यात पालखी बसते ती सहाण. गुरव अण्णा आडवा आला. "भाई, देवाच्या जागेत चाकं घालणार?"

"देवाला विचार."

अण्णाने कौल लावला. आम्ही ओल्या अंगाने उभे, खाली रोपं जून होत चाललेली, आणि ते फूल काही पडेना. शेवटी उजवं पडलं, म्हणजे देवाचा होकार. भाईने बोनेटवर ताटात पाणी ठेवलं, ट्रॅक्टर सरळ आहे याची खात्री केली आणि पट्टी बाहेर काढली. जवळजवळ कोरडी. एका गळक्या सीलातून तेल झिरपत गेलं होतं आणि चिखलात कुणाला दिसलं नव्हतं. तेल भरलं. सायली दुपारी पुन्हा घाटी उतरली, भाई पुन्हा मागे उभा, आता मूठ दाढांत धरून. खाली पोचल्यावर त्याने तिच्या खांद्यावर दोन थापा मारल्या. लावण्या वेळेत झाल्या. बेअरिंग मग गणपतीत बदललं.

परवा, भाई गेल्यावरच्या पहिल्या शिमग्यासाठी सहाण झाडत होते, तेव्हा सायलीने ट्रॅक्टर आणला. बोनेटवर ताट, ताटात पाणी. तेल बघितलं, मग सीटखालून तो स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यापुढे धरला. "काका, तुम्ही ऐका. मला नाही होत." मुठीवर भाईच्या दातांच्या खुणा होत्या, मधली एक खोल, जिथे त्याचा दात तुटला. मी मूठ दातांत धरली, टोक पेटीला टेकवलं. डोळे मिटले. बराच वेळ तसाच वाकून राहिलो. मग म्हणालो, "मस्त. एकदम मस्त चाललाय."

"काका," सायली हळूच म्हणाली, "अजून चालू कुठे केलाय?"