गाळलेला एकोणीस

आमच्या शाळेतल्या गणिताच्या मास्तरांना सगळी गल्ली बेरीजमास्तर म्हणायची, आणि तोंडावर म्हणायची, कारण त्यांना ते मनापासून आवडायचं. भेटलेल्या माणसाची ते विचारपूस करत नसत, बेरीज करत.

त्यांची तऱ्हा अशी. एखादी संख्या घ्यायची, तिला ज्या ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो त्या गोळा करायच्या आणि त्यांची बेरीज मांडायची. सहाला एक, दोन आणि तीनने भाग जातो, बेरीज सहाच. झाली संख्या परिपूर्ण. अठ्ठावीसचंही तसंच. बाकी बहुतेक संख्या माणसांसारख्याच, कुठे कमी तर कुठे जास्त.

मेव्हण्याला ते ‘बारा’ म्हणत. बाराच्या विभाजकांची बेरीज सोळा भरते. म्हणजे ऐवज बाराचा आणि गाजावाजा सोळाचा. मेव्हणा विम्याचा एजंट होता, त्याला ही स्तुतीच वाटली. बायकोला मात्र ते ‘आठ’ म्हणत. आठच्या विभाजकांची बेरीज सात, पुरती एकाने कमी.

“तो कमी पडलेला एक म्हणजे तुम्हीच,” बाई भाजी चिरता चिरता म्हणत. “घरात असून नसल्यासारखे.”

हे खोटं नव्हतं. आजवर सापडलेल्या सगळ्या परिपूर्ण संख्या सम आहेत. विषम एकही कुणाला सापडलेली नाही आणि ती नाहीच असंही कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. ही फट मास्तरांना दिसली आणि सगळा संसार त्या फटीतून खाली सांडला. व्हरांड्यातल्या फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात विषम संख्या, खालच्या अर्ध्यात बाईंचा इस्त्रीचा हिशोब. लग्नाचा वाढदिवस एकोणीस तारखेला यायचा आणि वीस तारखेला मास्तरांना आठवायचा, तोही बाईंच्या तोंडाकडे बघून.

आणि एक दिवस संख्या सापडली. तीन, सात, अकरा आणि तेरा प्रत्येकी दोनदा घ्यायचे, सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला वर बावीस हजार एकवीसने गुणायचं. बारा आकडी विषम संख्या. बेरीज तंतोतंत जुळत होती. अट एवढीच, की बावीस हजार एकवीस ही मूळ संख्या हवी, म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जाता कामा नये. मास्तरांनी भाग लावून पाहिला होता. नव्हता जात.

मेव्हण्याच्या अंगात सोळा संचारले. त्याने शाळेच्या सभागृहात सत्कार ठरवला, पाहुण्यांना गळ घातली आणि फलकावर मास्तरांच्या नावाखाली आपलं नाव थोडं मोठ्या अक्षरात रंगवून घेतलं. मास्तर त्याच वर्षी निवृत्त होणार होते. जन्मभर शिव्या खाल्लेल्या विषयाने शेवटी मान मिळवून दिला, या विचाराने त्यांची छाती सदऱ्यात मावेना.

सत्काराच्या सकाळी त्यांनी बाईंना समोर बसवून भाषणाची तालीम केली. “बावीस हजार एकवीस! तीनने भाग जात नाही. पाचने नाही. सातने नाही. अकराने, तेराने, सतराने नाही. तेवीसने नाही...”

बाईंचा गणिताशी काडीचा संबंध नव्हता. पण एकोणीस हा आकडा नवऱ्याच्या तोंडून ऐकायची त्या लग्नापासून वाट पाहत होत्या.

“एकोणीस पुन्हा विसरलात,” त्या म्हणाल्या. “सतरापाशी मी जेवायला हाक मारली होती. जेवून उठलात ते थेट तेवीसवर.”

मास्तर हसले. मग खडू उचलला. मग हसायचे थांबले. एकोणीसने भाग गेला, अगदी बाकी न ठेवता. आलेल्या उत्तरालाही पुन्हा एकोणीसने गेला.

मेव्हणा येऊन पाहतो तर भाऊजी जमिनीवर बसलेले. सगळं ऐकून त्याने शांतपणे टाय ठीक केला. “भाऊजी, सभागृहात भागाकार कोण करणार आहे? तुम्ही नुसते उभे राहा.”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. तिने खडू त्यांच्या खिशात घातला.

सभागृह भरलं होतं. मास्तर व्यासपीठावर गेले, फळ्यावर भागाकार मांडला, बाकी शून्य काढली आणि म्हणाले, “ही संख्या परिपूर्ण नाही. चूक माझी आहे.” मग मुख्याध्यापकांना वाटलं, शोध तो हाच, आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. पाहुणे भाषणात म्हणाले की, एवढ्या मोठ्या संख्येतून शून्य काढणं येरागबाळ्याचं काम नव्हे. मास्तर तीनदा उठून खुलासा करायला गेले, तिन्ही वेळा लोकांनी त्यांच्या विनयाला टाळ्या दिल्या. शेवटी ते बसले. पहिल्या रांगेत बाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. सभागृहात भागाकार कळलेल्या तेवढ्या दोघांतल्या त्या एक.

आता मास्तर निवृत्त आहेत. एकोणीस तारीख आली की सकाळीच फुलं घेऊन येतात, न चुकता, दर महिन्याला. त्यात प्रेम आहेच. पण लग्न नेमकं कोणत्या महिन्यात झालं, हे बाईंना विचारायची त्यांची अजून छाती झालेली नाही, आणि बाईही आपणहून सांगत नाहीत.