पिवळी खुंटी

हिल्डा ऑर्मरॉडच्या तावडीतून सुटून घरी जाणं सोपं नव्हतं. इंग्लंडमधल्या लँकशायरच्या डोंगरात, लार्क क्लफ नावाच्या घळीत स्काउटांचा तळ आहे, तिथली ती वॉर्डन. पगार एका पैचा नाही. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यापासून दर शनिवार-रविवार ती इथे येऊन संडास धुवायची, लाकडं रचायची, गळक्या नळांना शिव्या घालायची, आणि वर घरून आलं घातलेला केक करून आणायची. तळ चालवणाऱ्या मंडळातले बाकीचेही सगळे बिनपगारीच, पण त्यांना निदान रविवारी दुपारी घरची आठवण यायची.

रविवारी तंबू उतरले की पोरं गणवेश चढवून, गळ्यात स्कार्फ बांधून आपापल्या जागेच्या कडेला ओळीने उभी राहायची. मग हिल्डा काठी घेऊन त्या गवतावरून फिरायची. टॉफीचा कागद, काडेपेटीतली जळकी काडी, पावाच्या पिशवीची प्लॅस्टिकची चिमटी, काही ना काही सापडायचंच. सापडलेली वस्तू ती उंच धरायची आणि तोंडातून चकार शब्द काढायची नाही. मग सगळ्या पथकाने, मोठ्या लीडरांसकट, खांद्याला खांदा लावून ओळीने पुन्हा सगळं गवत पालथं घालायचं. न्यायला आलेले आईबाप गाड्यांत बसून भोंगे वाजवायचे. वाजवोत बापडे. सगळं चोख असलं, तर मात्र ती काठी काखेत मारून म्हणायची, "स्वच्छ आहे. जा घरी."

कौतुकाचा शब्द म्हणून तिच्याकडे एवढाच होता. पण तेवढ्यासाठी पोरं जिवाचं रान करायची, आणि मोठी झाली की आपली पोरं घेऊन परत यायची.

बाई अशी लाख मोलाची. फक्त तिच्या हाताखाली कुणी टिकत नसे. दुसऱ्याने धुतलेलं बेसिन ती पुन्हा धुवायची. दुसऱ्याने रचलेली लाकडं पाडून पुन्हा रचायची. मदतनीस म्हणून आलेले तिघे पाठोपाठ काढता पाय घेऊन गेले. शेवटी मंडळाचा अध्यक्ष रॉय कर्शॉ चहाला येऊन बसला.

"हिल्डा, विमावाले एकट्या वॉर्डनवर तळ चालवू देत नाहीत. हिवाळ्याच्या आत दुसरा माणूस पक्का झाला नाही, तर पुढच्या वर्षी फाटकाला कुलूप. आणि तुझे गुडघे पण आता..."

"माझ्या गुडघ्यांना मध्ये आणू नकोस. ते मुकाट काम करतात, मंडळासारखी बडबड करत नाहीत."

रॉयने केकचा दुसरा तुकडा उचलला. "इम्तियाझ भामजी तयार आहे. त्याच्यानंतर माझ्याकडे कुणी नाही. त्याला तरी टिकव, माझे बाई."

इम्तियाझ ब्लॅकबर्नला बस चालवायचा. लहानपणी कब, म्हणजे छोटा स्काउट म्हणून तो याच तळावर यायचा. आता चाळिशी गाठली होती, टक्कल पडलं होतं, तरी तिला हिल्डा म्हणायला त्याची जीभ वळेना.

"अरे, हिल्डा म्हण की, राजा."

"नाही जमायचं, मिसेस ऑर्मरॉड. तुम्ही मला दोनदा ओळीत फिरवलंय. एकदा तर कलिंगडाच्या एका बीसाठी."

"बी नव्हती. फोडीची साल होती."

माणूस शांत होता. डोक्यावर पाऊस कोसळत असतानाही संडास धुताना गाणी म्हणायचा. हिल्डाला तो मनापासून आवडला, आणि तरीही पहिल्याच आठवड्यात तिने त्याने रचलेली लाकडं पाडून पुन्हा रचली. शनिवारी इम्तियाझने शेडमध्ये डोकावून पाहिलं आणि दोन कप चहा करून आणला.

"मिसेस ऑर्मरॉड, बसमध्ये माझ्या मागे उभं राहून ब्रेक कधी दाबायचा ते कुणी सांगायला लागलं, तर मी बस बाजूला घेतो आणि उतरतो."

"धमकी देतोस?"

"छे हो. आधी सांगून ठेवतोय. पुन्हा असं दिसलं, तर मी उतरेन."

हिल्डाला राग आला आणि लाजही वाटली. तो उतरला तर फाटकाला कुलूप, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यानंतर तिने स्वतःला खरंच आवरलं. त्याने धुतलेली बेसिनं पाहिली की ती हात खिशात कोंबून उभी राहायची. फक्त रविवारची ती फेरी तिने कुणाला दिली नाही. ती एवढी एक गोष्ट आपली, असं ती धरून बसली होती.

सप्टेंबर संपत आला. बोल्टनच्या पथकाची जागा तिने स्वतः फिरून पाहिली आणि पोरांना घरी धाडलं. पुढच्या शनिवारी इम्तियाझने तिथे मोसमातलं शेवटचं गवत कापायला घेतलं. अचानक खाडकन आवाज झाला, पाठोपाठ काहीतरी करकरलं, आणि यंत्र बंद पडलं. हिल्डा चहाचा कप टाकून धावली. इम्तियाझला काही लागलं नव्हतं, पण यंत्राचं पातं दुभंगलं होतं आणि त्यात चिखलाने माखलेली तंबूची खुंटी अडकली होती.

जिवात जीव आला तशी तिची जीभही सुटली. "आधी जागा पायाखाली घालायची, मग यंत्र लावायचं, एवढंही कळत नाही? मी नसले की असंच होणार! आणि त्या बोल्टनवाल्यांना तर आत्ता फोन करते. खुंट्या गवतात टाकून जातात म्हणजे काय!"

इम्तियाझ खाली वाकला. यंत्राखालून त्याने वाकडी झालेली खुंटी काढली, बाहीने पुसली आणि तिच्या हातावर ठेवली.

खुंटी पिवळी होती. तळाच्या खुंट्या हरवू नयेत म्हणून हिल्डाने स्वतःच्या हाताने पिवळ्या रंगवल्या होत्या. तसल्या खुंट्या दुसऱ्या कुणाकडे नव्हत्या. गेल्या रविवारी सकाळी बोल्टनच्या चिल्ल्यापिल्ल्यांना खुंटी कशी ठोकायची ते तिनेच दाखवलं होतं. दुपारी त्याच गवतावरून फिरून "स्वच्छ आहे" म्हणणारीही तीच.

हिल्डा गवतातच मटकन बसली. दिसायचं कमी झाल्याला आता वर्ष होत आलं होतं. काठीने चाचपून ती कशीबशी निभावत होती, आणि हे तिने कुणालाही कळू दिलं नव्हतं.

"मला दिसलीच नाही रे," ती म्हणाली. "हल्ली मला नीट दिसतच नाही. तुझा पाय गेला असता म्हणजे?"

"गेला नाही ना?"

"आता तू उतरणार."

"ते नंतर बघू. आधी ओळ." इम्तियाझने हात देऊन तिला उठवलं. "वस्तू सापडली की पुन्हा फिरायचं. नियम तुमचाच आहे."

"एकटीची कसली रे ओळ?"

तो तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहिला. दोघं त्या गवतावरून सावकाश फिरली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. तिचे गुडघे कुरकुरत होते म्हणून तो बेताने पावलं टाकत होता. एक टॉफीचा कागद मिळाला, तो त्याने खिशात घातला.

"आता कडेला उभ्या राहा. स्कार्फ सरळ करा."

तिने गळ्यातला स्कार्फ सरळ केला. इम्तियाझने तिची काठी घेतली आणि पुन्हा एकट्याने फेरी मारली, वाकून, शोधून, अगदी तिच्या पद्धतीने. मग काठी काखेत मारून तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला.

"स्वच्छ आहे. जा घरी."

इतक्या वर्षांत हिल्डाला घरी जा असं कुणी म्हटलंच नव्हतं. पोरं हे ऐकून टोप्या का उडवायची, ते तिला आज कळलं.

"संडास राहिलेत अजून," ती डोळे पुसत म्हणाली.

"मी धुतो."

"कोपरे नीट..." तिने जीभ चावली. "उद्या येणार आहेस ना?"

"उद्या येणार, पुढच्या वर्षीही येणार. तुम्ही सोमवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे चला. बस मीच चालवतो त्या रस्त्याला. आणि माझ्या मागे उभं राहायचं नाही."

"बसेन की," हिल्डा म्हणाली.

पिवळी खुंटी खिशात टाकून ती निघाली. फाटकाशी आल्यावर सवयीने तिचा हात कुलपाकडे गेला. मग तिने तो मागे घेतला, आणि फाटक तसंच उघडं ठेवून ती उजेड असतानाच घरी गेली.