मुलाच्या गाडीचे टायर

यांची हडपसरची कंपनी बंद पडली नाही, तिनं फक्त माणसं कमी केली. नव्वदीनंतरची वर्षं होती. परदेशी भागीदार आला, नवी यंत्रं आली आणि जुन्या कामगारांपुढं स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज आले. माझा नवरा तिथं कामगारांच्या बसगाड्यांची देखभाल बघायचा. चाळिशी नुकतीच उलटलेली, मुलगा प्राथमिक शाळेत, आणि मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. "यात स्वेच्छा नक्की कुणाची?" असं मी विचारलं, तेव्हा हे हसले नाहीत. सही करून आले आणि म्हणाले, "मी टायरचं दुकान टाकतो."

सासरे खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना दुकान हा शब्दच पटेना. "आपल्यात कुणी दुकान टाकलंय?" ते म्हणाले. प्रश्न खरा होता. धर्मांतरानंतर आमच्या घरात लोक शिकले, कारखान्यात लागले, कचेऱ्यांत लागले. गल्ल्यावर मात्र कुणी बसलं नव्हतं. यांनी येरवड्यात आमच्या घरापासून चालत जाता येईल असा एक गाळा भाड्यानं घेतला, विहारातून भन्तेजींना बोलावून वंदना घेतली आणि दुकान उघडलं. सासरे आले, पंचशील म्हणून झाल्यावर टायरांच्या रांगेसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "वास फार येतो रे." पण त्या दिवशी ते संध्याकाळपर्यंत घरी गेले नाहीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला "मुलाचं आहे" म्हणून सांगत बसले.

पहिली काही वर्षं ओढाताणीची होती, तरी वाईट नव्हती. मग नगर रस्त्याला आयटीच्या इमारती उभ्या राहायला लागल्या आणि गाड्याच गाड्या झाल्या. काल मोटारसायकलवर हवा भरायला येणारा तरुण आज हप्त्यावर घेतलेली गाडी घेऊन यायचा आणि यांना काका म्हणायचा. यांनी चाकांचा तोल बघायचं यंत्र घेतलं, दोन माणसं ठेवली. शाळा सुटली की मी दुकानात जायची. मला ती वेळ आवडायची. गाडी जॅकवर चढलेली असायची, मालक प्लास्टिकच्या खुर्चीत चहा घेत असायचा, आणि हे त्याला समजावून सांगत असायचे. "हा टायर एका बाजूनं झिजलाय बघा. आता चारही बदलू नका. पुढचे दोन घ्या, मागचे अजून वर्षभर चालतील." घरी दोन वाक्यं न बोलणारा हा माणूस टायरांवर तासभर बोलायचा. मला वाटायचं, कंपनीनं काढलं ते बरंच झालं.

ऑनलाइन हा शब्द दुकानात पहिल्यांदा आणला तो पेठेत राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी. जुनं गिऱ्हाईक होतं. टायर झिजून गुळगुळीत गोटा झाल्याशिवाय बदलायचे नाहीत आणि बदलताना मात्र यांच्याकडेच यायचे. त्या दिवशी त्यांनी भाव विचारला, ऐकला आणि खिशातून फोन काढला.

"हे बघा. हाच टायर, हीच कंपनी. इथं एवढ्याला देतायत."

यांनी चष्मा वर करून बघितलं. बराच वेळ बघितलं. "साहेब, मला घाऊकमध्येसुद्धा एवढ्याला मिळत नाही."

"मग आपणही इथूनच घेत चला," ते शांतपणे म्हणाले आणि चहा संपवून गेले.

टोमणाच होता तो. पण हे रात्री जेवताना मुलाला म्हणाले, "मला त्या साइटवरून मागवायला शिकव." मुलगा तेव्हा नुकताच आयटीत लागला होता. त्यानं शिकवलं. आणि खरोखर काही महिने आमचं टायरचं दुकान घरबसल्या टायर मागवून विकत होतं. पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळलेले टायर कुरिअरवाला दारात टाकून जायचा, हे पट्टी काढून टायर मांडणीवर ठेवायचे. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून पट्ट्या घरी आणायचे. मला हसू यायचं, आणि मग यायचं बंद झालं. वितरकाच्या माणसाला हे कळलंच. तो येऊन म्हणाला, "आमच्याकडून माल उचलत नाही, तर आमचा बोर्ड कशाला लावलाय?" बोर्ड उतरवला गेला. उधारीवर माल मिळणं त्या दिवसापासून थांबलं, आणि साइटनंही पुढं एका गिऱ्हाइकाला किती टायर द्यायचे याला मर्यादा घातली.

मग ती मुलगी आली. टायर विकणाऱ्या त्या ऑनलाइन कंपनीचीच. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट, मराठी-इंग्रजीची सरमिसळ. स्वभावानं चांगली होती, उन्हातून आली होती, मी तिला पाणी दिलं. तिनं सांगितलं की गिऱ्हाईक टायर आमच्याकडून घेईल, टायर तुमच्या दुकानात येतील, तुम्ही फक्त बसवून द्यायचे. "अंकल, सेल तुम्हाला करावाच लागणार नाही. तुमचं टेन्शनच गेलं."

"सेल हाच माझा धंदा आहे," हे म्हणाले.

"पण अंकल, तसंही आता..." ती म्हणाली आणि रिकाम्या दुकानाकडे बघून थांबली. यांनीच तिची अडचण सोडवली. "कुठं सही करायची?"

दुकानावर त्या कंपनीचा निळा बोर्ड लागला. एक माणूस आधीच गेला होता, दुसऱ्याला यांनी दुसरीकडं काम बघून दिलं. आता हे एकटेच. सकाळी फोनवर निरोप यायचा, टायर यायचे, मागून गाडी यायची. गाडीवाला खुर्चीत बसून फोनमध्ये बघत राहायचा. काय झिजलं, का झिजलं, हे त्याला ऐकायचं नसायचं. त्यानं टायर आधीच घेतलेले असायचे. सल्ल्याची वेळ उलटून गेलेली असायची.

आणि गेल्यावर तो तारे द्यायचा. पाचपैकी किती, ते. एकदा कुणीतरी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, काम ठीक, पण मालक बोलत नाहीत. यांनी ते मला वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. "मी बोलत नाही?" हे म्हणाले. मुलानं समजावलं की तारे कमी झाले तर कंपनी कामं दुसऱ्या दुकानाला देते. शेवटी थोडं हसायचं, आणि पाच तारे द्या असं सांगायचं, सगळेच सांगतात.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून दुकानात गेले, तेव्हा एक गाडी निघतच होती. आत मुलापेक्षाही लहान वयाचा कुणीतरी. साठीला आलेला माझा नवरा काळे हात मागं धरून खिडकीशी वाकला होता. चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं हसू होतं. "पाच तारे द्या हं," असं म्हणत होते. त्या तरुणानं बघितलंही नाही, नुसता अंगठा दाखवला. मी रस्त्याच्या पलीकडंच थांबले. गाडी गेली, हसू गेलं, हे आत गेले, मग मी रस्ता ओलांडला.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शनिवार होता, मी दुकानातच होते. कुरिअरच्या टेम्पोतून चार टायर उतरले. यांनी पावतीसाठी नाव वाचलं आणि कागद माझ्याकडं दिला. आमच्या मुलाचं नाव होतं.

मला वाटलं नामसाधर्म्य असेल. पण खाली गाडीचा नंबर होता. तोवर गाडीही आली. मुलगा उतरला, खुशीत होता.

"बाबा, मुद्दाम आपलंच दुकान निवडलं. म्हटलं, फिटिंगचं काम तरी तुम्हाला मिळेल."

यांनी टायर एकेक करून उन्हात नेले. कडेवर छापलेली तारीख बघितली. बोटांनी आतली कड चाचपली, नक्षीत नख घालून बघितलं, कानाशी धरून थापटलं. काहीतरी निघू दे, असं मला वाटत होतं. जुना माल निघू दे, तडा निघू दे, एखादा फुगवटा निघू दे. यांनाही तेच वाटत असणार. चौथा टायर तपासून झाल्यावर हे उठले, कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"चांगले आहेत," म्हणाले. "ताजा माल आहे. माझ्याकडं असता तर याच्यापेक्षा जुना असता."

मग गाडी जॅकवर घेतली आणि चारही टायर स्वतः बसवले. मुलगा मदतीला वाकला, तर "कपडे खराब होतील" म्हणून त्याला मागं सारलं. मी त्याला दुकानाबाहेर नेलं.

"अरे, बापाचं टायरचं दुकान आहे तुझ्या."

"आई, बाबांना मागितले असते तर त्यांनी माझ्याकडून पैसे घेतले असते का? विकत आणून मला फुकट दिले असते. त्यांनाच खड्डा पडला असता ना."

तो चुकीचं काहीच बोलत नव्हता. मी शिकवलेला मुलगा होता, हिशेबी आणि मायाळू. भांडायला जागाच नव्हती. त्यानं निघताना बापाच्या खांद्यावर हात ठेवला, गाडीत बसल्या बसल्या फोनवर पाच तारे दिले आणि आम्हाला दाखवले.

घरी आल्यावर हे बराच वेळ हात धूत होते. मी न राहवून म्हटलं, "अहो, त्याच्या मनात वाईट नव्हतं."

"मला माहितीये," हे म्हणाले. "तेच तर."

पुढचं फार नाही. ऑनलाइन कंपनीनं आपल्या फिरत्या गाड्या सुरू केल्या. आत यंत्र, आत टायर, दोन तरुण मुलं. ती गिऱ्हाइकाच्या सोसायटीत जाऊन, त्याच्या पार्किंगमध्येच टायर बदलून द्यायची. कुणाला कुठं यायला नको. आम्हाला कुणी कळवलं नाही. सकाळचे निरोप आधी कमी झाले, मग थांबले. यांनी त्या मुलीला फोन लावला, तर तिनं नोकरी बदलली होती. ती म्हणाली, "सॉरी अंकल, मला खरंच वाईट वाटतंय." वाटत असेलही. पंक्चर आणि हवा यांवर गाळ्याचं भाडं निघेना. तरी हे वर्षभर उघडत राहिले. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेजारचे गॅरेजवाले हत्यारांची पूजा करायचे, यांना पेढा द्यायचे. त्या वर्षी पेढा देताना गॅरेजवाला म्हणाला, "मी पण बघतोय गाळा सोडायचं." दोघंही दारात उभं राहून पेढा खात होते.

यंत्र घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी भंगारवाला आला. त्यानं ते टेम्पोत चढवताना आडवं पाडलं, तसे हे धावले. "अरे, सरळ धर, आतला काटा बिघडेल." भंगारवाला म्हणाला, "काका, तोडायचंच आहे ते." हे मागं सरले.

मुलानं धडपड करून यांना आपल्या ऑफिसच्या कंत्राटदाराकडं लावलं. कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या गाड्या फाटकावर तपासायच्या. हे इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. झिजलेल्या टायरची गाडी हे आत सोडेनात, ड्रायव्हर तक्रारी करायला लागले, आणि कंत्राट बदललं तेव्हा नव्या कंत्राटदारानं यांना ठेवलं नाही. मुलाला याचं आमच्यापेक्षा जास्त लागलं. तो म्हणाला, "बाबा, दुसरं काहीतरी बघू." हे म्हणाले, "नको. तुझी अडचण होते."

आता मीही निवृत्त झाले आहे. दोघं घरी असतो. सासरे गेले तेव्हा दुकान चालू होतं, एवढं एक बरं. हे कुणाला दोष देत नाहीत, म्हणून मलाही देता येत नाही. दिला असता तर निदान बोलायला काहीतरी झालं असतं.

मध्ये एका संध्याकाळी वीज गेली होती. गॅलरीत बसलो होतो. मी सहज विचारलं, "अहो, परत दुकान टाकायचं म्हटलं, तर कशाचं टाकाल?"

हे विचारात पडले. मला बरं वाटलं, बऱ्याच दिवसांनी कशाचा तरी विचार करत होते. "किराणा," म्हणाले. मग स्वतःच, "नाही. तो दारात येतो आता." मी म्हटलं, औषधं. तीही येतात. कपडे, चपला, वह्या-पुस्तकं. भांडी. मी भाजी म्हटलं आणि त्याच वेळी पिशवी घेतलेला डिलिव्हरीवाला आमच्याच जिन्यातून वर, शेजाऱ्यांकडं गेला. आम्ही एकेक धंदा आठवत होतो आणि एकेक सोडत होतो. सुरुवातीला तो खेळ वाटत होता. मग दोघांनाही काही आठवेना.

वीज आली. मी उठले. "जेवायला वाढू?"

"वाढ," हे म्हणाले.