वरच्या खोलीतली रिकामी कॉट

शिवाजी पेठेतल्या माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर मी नोकरदार बायकांना कॉटवर जागा देतो. त्याचा नियम साधा आहे. भाडेकरू ठेवला की त्याचा फोटो, आधारकार्डाची प्रत आणि भरलेला अर्ज पोलीस ठाण्यात नेऊन द्यायचा. द्यायचा, बस्स. परवानगीची वाट बघायची नसते. हे मला पक्कं माहीत होतं, आणि तेच मला आज खातं.

आईनं अंथरूण धरलं तेव्हा तिचं सगळं करायला हुपरीहून एक बाई येऊ लागली. चाळिशीची, मुसलमान, नवरा वारलेला. आधी घरी बसून चांदीची पैंजणं जोडायची. त्याच बोटांनी ती आईचे केस विंचरायची, तेव्हा आई लहान पोरीसारखी डोळे मिटून घ्यायची. पण साडेपाचला तिची एसटी असे. ती उंबऱ्याबाहेर पडली रे पडली की आईचं सुरू, "कुठं गेली? बोलवा की तिला."

शेवटी आईच म्हणाली, "वर एक कॉट रिकामी हाय न्हवं? दे की तिला."

दुसऱ्या दिवशी बाईनं फोटो आणि आधारची प्रत आणून दिली. मी ते कपाटात ठेवून दिलं. वरच्या तिघीजणी काय म्हणतील, गल्ली काय म्हणेल, हेच डोक्यात. खरं तर कुणी चकार शब्द काढला नव्हता. सगळ्यांच्या वतीनं नकार मीच दिला, आणि पोलिसांच्या खांद्यावर बंदूक ठेवून नामानिराळा राहिलो. "ठाण्यातनं अजून परवानगी यायची हाय," असं तिला सांगायचो. ती "बरं दादा" म्हणायची. आषाढ गेला, गणपती गेले, दसरा झाला.

आई गेली ती संध्याकाळी सातला. त्याआधी तासभर त्या बाईला हाका मारत होती. मी हात धरला तर झिडकारला. पोटच्या पोराचा हात तिला नको होता. मी फोन केला तेव्हा बाई हुपरीच्या स्टँडवर नुकतीच उतरली होती. तशीच उलट्या पावली निघाली, पण पोचेपर्यंत आईला अंथरुणावरून खाली घेतलं होतं.

दहावा उरकल्यावर ती भेटायला आली. मला राहवेना. परवानगी लागतच नव्हती, अर्ज मी दिलाच नव्हता, सगळं सांगून टाकलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "दुसऱ्याच आठवड्यात ठाण्यात जाऊन इचारून आलतो की मी."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोललो असतो तर तुमाला माझ्याकडं बघायची लाज वाटली असती, दादा. मग तुमी माझं यायचंच बंद केलं असतं. आईचं कुणी केलं असतं?"