पौर्णिमेच्या पंगतीतली पुरी

माझी लेक आठ वर्षांची होती तेव्हा तिचं पोट पुढे आलं आणि हातपाय काडीसारखे झाले. शाळेतून घरी आली की दप्तर टाकून आडवी व्हायची. वर्गातल्या फोटोत ती सगळ्यांत बुटकी दिसायची, पुढच्या रांगेत अगदी कोपऱ्यात.

आम्ही घुग्घुसला खाणीच्या कॉलनीत राहतो. मी खाणीत डंपर चालवतो, बायको कोरपन्याकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या भागात लेकरू पांढरं पडलं की पहिलं नाव निघतं ते सिकलसेलचं, रक्ताच्या त्या आनुवंशिक आजाराचं. तिची तपासणी दोनदा केली, दोन्ही वेळा काही निघालं नाही. मग जंताच्या गोळ्या झाल्या, लोहाचं औषध झालं, टीबीची शंका झाली. यात दोन वर्षं गेली. शेवटी नागपूरला एका डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतडं पाहिलं आणि आम्हाला समोर बसवलं.

"हिला गहू चालत नाही," त्या म्हणाल्या. "गव्हामुळे हिच्या आतड्याला आतून इजा होते, खाल्लेलं अंगाला लागतच नाही. औषध असं काही नाही. गहू बंद, तोही जन्मभर."

"म्हणजे पोळी बंद?" बायकोने विचारलं.

"पोळी, रवा, मैदा, शेवया, ब्रेड, टोस्ट. एक कणसुद्धा नाही."

लेकीने मान वर केली. ती म्हणाली, "बिस्किटबी नाई?"

बाईंनी मान हलवली. परतीच्या बसमध्ये लेक माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

बायकोची बस सकाळी सातला. माझी ड्युटी पाळीची, त्यातही मी दुपारची दुसरी पाळी मागून घेतली. म्हणजे सकाळचा स्वयंपाक आणि लेकीचा डबा माझ्याकडे आला. तोवर मला चहा आणि उकडलेली अंडी यापलीकडे काही येत नव्हतं. ज्वारीची भाकर थापायला मी शिकलो ते हात भाजून आणि शेजारच्या बाईंची बोलणी खाऊन. त्या खिडकीतून पाहायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, ते भाकर हाये का महाराष्ट्राचा नकाशा?" दोन महिन्यांनी माझी भाकर गोल झाली, चार महिन्यांनी फुगायला लागली. त्याच बाई मग आपल्या सुनेला म्हणाल्या, "जाय, भाऊची भाकर पाहून ये." ते वाक्य मी त्या रविवारी बायकोला तीनदा सांगितलं.

पण लेकीचं पोट दुखणं काही पूर्ण थांबेना. घरात गव्हाचा दाणा उरला नव्हता, तरी दुखायचं. एक कारण चक्कीत सापडलं. आमच्या ज्वारीच्या आधी त्याच जात्यात कुणाचे तरी गहू दळलेले असायचे. मग मी सकाळी चक्की उघडायच्या आधीच पायरीवर डबा घेऊन बसू लागलो. दळण टाकण्याआधी चक्की झाडून द्या म्हणू लागलो. चक्कीवाला वैतागला.

"रोज तुमच्याचसाठी झाडू का जी? मले दुसरे गिऱ्हाईक नाई?"

मी वाद घातला नाही. दुसऱ्या वेळी लेकीला सोबत नेलं. त्याने तिच्या काडीसारख्या मनगटाकडे पाहिलं. त्याने आधी मूठभर तांदूळ टाकून चक्की फिरवली, ते पीठ बाजूला काढलं, मग आमची ज्वारी घेतली. तेव्हापासून आमचं दळण पहिलं. कुणी मध्ये घुसलं तर तोच म्हणायचा, "थांबा, पहिले त्या पोरीचं."

दुसरं कारण बायकोने शोधलं. एका रविवारी ती हिंगाची डबी डोळ्यांजवळ धरून उभी होती. "हे वाचा," ती म्हणाली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. वर्षानुवर्षं आम्ही वरणाला जी फोडणी देत होतो, तिच्यात गहू होता. ती डबी मी अंगणातून अशी भिरकावली की नंतर मलाच जाऊन शोधावी लागली.

त्यानंतर लेकीच्या गालावर मांस चढलं. केस दाट झाले. एका वर्षात फ्रॉक तोकडे पडले. मी उगाचच तिला सायकलवर पुढे बसवून कॉलनीत फेऱ्या मारायचो. कुणी म्हणावं, पोरगी चांगली दिसून राह्यली, एवढ्यासाठी.

माझी सासू वडशाजवळच्या खेड्यात राहते, घरचं धान आहे. भाताच्या त्या मुलखात गहू म्हणजे पाहुण्याचं अन्न. लग्न झाल्यापासून मी गेलो की ती माझ्यासाठी मुद्दाम पोळ्या करायची. गहू बंद झाल्याचं ऐकल्यावर तिला पहिला प्रश्न पडला तो माझाच. "जवाईबुवा घरी येतीन न् त्याइले पोळी नाई? लोक काय म्हनतीन?" आम्ही गेलो तेव्हा तिने तांदूळ वाटून आयते केले, म्हणजे तव्यावर पातळ पसरून केलेले घावनच, सोबत गूळ आणि दूध. लेकीने सात खाल्ले. सासू मोजत होती. नंतर पोळीचा विषय तिने काढला नाही.

घरातलं आम्ही सांभाळलं. दिवाळीला तांदूळ आणि डाळींच्या भाजणीची चकली, बेसनाचे लाडू, अनारसे. करंज्या फुटल्या, पण चुरा गोड होता. अडचण होती ती घराबाहेरच्या पंगतीची.

आमच्या कॉलनीतल्या विहारात बुद्धपौर्णिमेला सगळ्यांचं जेवण असतं. तांदळाची खीर, पुरी, वांगं-बटाट्याची भाजी, मसालेभात. लेक तिचा स्टीलचा डबा घेऊन पंगतीत बसायची. वाढणाऱ्या बाया आल्या की हात आडवा धरायची. खीर खरं तर तिला चालली असती, पण पुऱ्या वाढणारे हातच खिरीच्या डावाला लागलेले असायचे. ती बारा वर्षांची झाली त्या वर्षी म्हणाली, "मी नाई येत. मी घरीच जेवते."

"काऊन?"

"मागच्या साली एका काकूनं आपल्या पोराले माह्याजवळून उठवलं. विचारत होती, हे लागते का दुसऱ्याले म्हणून."

पंगतीत कुणाला बाजूला बसवणं म्हणजे काय, हे आमच्या घराण्यात शिकवावं लागत नाही. माझ्या आजोबांच्या पानात वरून वाढलं जायचं, वाढणाऱ्याचा हात खाली येत नसे. ते दिवस मागे टाकून आम्ही विहार बांधला. आणि त्याच विहारात माझी लेक वेगळी पडली होती. तिच्याशी कुणी मुद्दाम वाईट वागलं नव्हतं, मला माहीत होतं. तरी हे असंच चालू द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

रविवारी वंदना झाल्यावर जेवणाच्या तयारीची बैठक होती. मी उभा राहून म्हणालो, "यंदा पुरी नको. ज्वारीची भाकर ठेवू. माह्या पोरीले सगळ्यांसंगं जेवता येईन."

मग एक म्हातारे उठले. ते खाणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, विहाराच्या पायाचे दगड वाहिलेले. सगळे त्यांना भाऊ म्हणतात.

"तुही पोरगी ते माही पोरगी," ते म्हणाले. "पन भाकर मले सांगू नको. माहा बाप दारोदार फिरून भाकर आनत होता. शिळी, दोन-दोन दिसाची, कोरडी. आमी ते पान्यात भिजवून खाल्ली. पौर्निमेले आमी पहिल्यांदा पुरी तळली त्या दिवशी माही माय कढईजवळून हालली नाई. पुरी नाई निंघनार."

मला त्यांचा राग येईना. त्यांचं खरं होतं. माझंही खरं होतं. घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. लेक गृहपाठ करत होती. वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "मंग तांदळाची पुरी करा ना, बाबा."

तांदळाची पुरी करायला आठ दिवस लागले. पहिल्या दिवशी तांदळाचं पीठ साध्या पाण्यात मळलं, पुरी तेलात जाऊन विरघळली. दुसऱ्या दिवशी उकड काढली, पुरी जाड झाली आणि सगळं तेल पिऊन बसली. मग कडक झाली, मग चिवट झाली. बायको शाळेतून आली की रोज एक नवी पुरी चाखायची आणि चेहरा सरळ ठेवायचा प्रयत्न करायची. शेवटी मी सासूला फोन लावला. ती पोटभर हसली.

"तांदूळ धुऊन सावलीत वाळवले का?"

"नाही."

"वाळवा. मंग दळा. न् उकड गरम हाये तवरच मळा, जवाईबुवा. हात भाजन तं भाजू द्या."

तांदूळ धुऊन सावलीत वाळवले आणि सकाळी पहिलं दळण आणलं. पाण्याला उकळी आणून मीठ, तीळ, थोडं तेल घातलं, पीठ टाकून झाकलं आणि वाफाळलेलं असतानाच मळायला घेतलं. हात लाल झाले. प्लॅस्टिकच्या दोन कागदांत पुरी दाबली आणि कढईत सोडली. ती खाली गेली, वर आली, एका बाजूने उचलली गेली आणि टम्म फुगली. पांढरीशुभ्र. लेक ओरडली. मीही ओरडलो असणार, कारण शेजारच्या बाई पळत आल्या.

ताटात सहा पुऱ्या झाकून मी तसाच भाऊंच्या घरी गेलो. ते ओसरीवर बसले होते. त्यांनी एक पुरी मोडली, वाफ पाहिली, खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी मिरचीच्या ठेच्यासोबत खाल्ली. मी उभाच.

"इतक्या लोकाइच्या पुऱ्या कोन दाबन?" त्यांनी विचारलं.

"मी दाबतो, भाऊ."

"एकटा? येडा हायेस का?" ते उठून आत गेले. तीन दिवसांनी माझ्या दारात आले ते लोखंडाच्या दोन गोल पाट्या घेऊन. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला लांब दांडा. पाट्या घासून आरशासारख्या केलेल्या. दांडा दाबला की पुरी तयार. त्या वयात त्यांनी ते स्वतःच्या हाताने बनवलं होतं.

पौर्णिमेच्या दिवशी उजाडतानाच चुली पेटवल्या, कारण मे महिन्यात आमच्याकडे नऊनंतर उभं राहवत नाही. रस्त्याने कोळशाचे ट्रक जात होते, म्हणून मांडवाला ओल्या चादरी बांधल्या. तेल नवं, कढई घासलेली, डाव-पराती सगळं गरम पाण्याने धुतलेलं. लेक भांड्या-भांड्यापाशी जाऊन विचारत होती, "हिंग कोनी टाकला नाई ना?" भाजीवाल्या मावशींनी पदराआड धरलेली डबी हळूच पिशवीत परत टाकली.

मध्येच उकड थंड झाली आणि पुऱ्या फुगेनात. लोक पंगतीत येऊन बसले होते. माझ्या पाठीतून घाम निथळत होता. भाऊ दांड्यावरून हात न काढता म्हणाले, "घाबरू नको. थोडी थोडी उकड काढ, ढीग नको लावू." मग बायकोने एका चुलीवर फक्त उकडीचं काम घेतलं, तिघी जणी गरम गोळे करत राहिल्या, आणि पुऱ्या पुन्हा फुगल्या.

पहिल्या पंगतीत लेक बसली. डबा आणला नव्हता. तिच्या ताटात खीर पडली, भाजी पडली, भात पडला. पुरीची टोपली मी घेऊन निघालो. तिच्यापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "दोन द्या, बाबा." मी दोन वाढल्या आणि पुढच्या ताटाकडे वळलो, कारण रांग मोठी होती आणि थांबलो असतो तर टोपली हातातून सुटली असती. तिच्या शेजारी तीच काकू होती, पोराला घेऊन बसलेली. जेवण झाल्यावर ती माझ्याकडे आली आणि खाली मान घालून म्हणाली, "दादा, मले ते उकड कशी करता ते सांगा. माह्या पोराले लय आवडली."

मी तिला सगळं सांगितलं. तांदूळ वाळवण्यापासून.

आता दरवर्षी पौर्णिमेला तांदळाचीच पुरी होते. नव्याने कॉलनीत राहायला आलेल्यांना वाटतं, ही इथली जुनीच रीत असेल. आम्हीही त्यांना दुरुस्त करत नाही. लेक नागपूरला नर्सिंग शिकते, खोलीवर स्वतः रांधते, आणि तिच्या मैत्रिणी रविवारी तिच्याकडे जेवायला येतात असं ऐकतो. मागच्या पौर्णिमेला मला पहिली पाळी लागली, सुटी मिळाली नाही. दुपारी खाणीतून थेट विहारात पोचलो तेव्हा चूल लेकीच्या ताब्यात होती, भाऊ खुर्चीवर बसून दांडा दाबत होते आणि दुसरी पंगत उठत होती. मी सवयीने उकडीच्या परातीकडे हात नेला.

"थांबा!" लेक ओरडली. "ड्युटीवर कँटिनची पोळी खाल्ली असन तुमी. पहिले साबनानं हात धुवा."

सगळ्या मांडवासमोर ओरडली. मी नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले.