पोकळ शे

कुठलीही वस्तू दिसली की आप्पा आधी तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करायचे, कान तिरपा करायचे आणि निकाल द्यायचे, "पोकळ शे." किंवा जरा नाराजीने, "भरेल शे," म्हणजे भरलेलं आहे. टेबल, दार, ऑफिसातलं कपाट, जीपचा दरवाजा, काही सुटायचं नाही. एकदा आमच्या साहेबांच्या हेल्मेटवर टकटक केली, हेल्मेट त्यांच्या डोक्यावर असताना. निकाल काय दिला ते तुम्ही ओळखलं असेल.

आमची संस्था छोटी. खापरला दोन खोल्यांचं ऑफिस आणि काम नर्मदाकाठच्या पाड्यांवर. मुलांची वजनं करायची, लसीबद्दल समजावायचं, बाळंतिणीने काय खावं ते सांगायचं. नुसतं सांगितलेलं कुणी ऐकत नाही, म्हणून सोबत कलापथक: एक ढोलवाला, गाणाऱ्या दोन मुली आणि गिटार घेतलेले आप्पा. बोटीत कोण बसणार आणि काय चढणार, हे ठरवणं माझं काम.

आप्पा तापीकाठचे, केळी-कापसाच्या घरातले. शेती भावांनी केली, यांनी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. ऑर्केस्ट्रा मोडल्यावर ते आमच्याकडे आले, आणि येताना अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आले. काळ्या रेक्झिनचं, पत्र्याच्या कोपऱ्यांचं लाकडी खोकं, सिमेंटच्या गोणीच्या तोडीचं. ते चालवायला बॅटरी आणि इन्व्हर्टर वेगळं. आधी जीप, मग बोट, मग आप्पांच्या खांद्यावरून डोंगर. दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नसत. मणिबेलीच्या बाजूला बोट नेणारा नावाडी दर वेळी म्हणायचा, "आप्पा, हे पाण्यात पडलं तर धरण अजून हातभर चढेल. आमचं उरलेलं शेतही जाईल."

"हाई खोकं नही रे भाऊ, मन्हा गळा शे," आप्पा म्हणायचे आणि खोक्याला खेटून बसायचे.

मग त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. नंदुरबारच्या डॉक्टरांनी वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं. मी आप्पांना सरळ सांगितलं, "तुमचा आवाज खांद्यावरच्या पिशवीत मावत असेल तर चला. नाही तर खापरला बसून गाणी बांधा, मुली म्हणतील."

"खापरना हाफिसमा बशीसन काय करू? माश्या मारू?" ते म्हणाले. आवाज थट्टेचा होता, चेहरा नव्हता. बायको गेलेली, मुलगा सुरतला. पाड्यावर गिटार वाजली की माणसं गोळा होत, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं.

म्हणून शोध सुरू झाला, आणि खरं सांगते, त्यात मलाही रस यायला लागला. नंदुरबारच्या बाजारातून आधी ब्लूटूथचा स्पीकर आणला. हलका, छान, पण तार छेडल्यानंतर आवाज क्षणभर उशिरा यायचा. आप्पा वैतागले. "मी वाजाडस आते, आनि हाई बोलस मांगून. याले काय मन्हावर भरोसा नही का?" मग ओढून न्यायचा चाकांचा स्पीकर पाहिला. तो दुकानातच राहिला. "चाकं कोनले दखाडू? डोंगरले?"

शेवटी जेवणाच्या डब्याएवढा एक अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. सेलवर चालणारा, पिशवीत जाणारा. खोलीत झकास वाजला. अंगणात नेला, तर आप्पांचं तोंड उतरलं. "हाई ते मच्छर शे."

तुम्हीही मोबाईलचा आवाज वाढवायला तो स्टीलच्या ग्लासात ठेवला असेल. आमच्या एका गाणाऱ्या मुलीने तेच केलं आणि आप्पा ताडकन उठले. पुढचे काही दिवस ऑफिसात कामं थोडी झाली. तो डब्याएवढा अ‍ॅम्प्लिफायर बादलीत घातला, पातेल्यात घातला, माठात, कपाटात, जीपच्या टायरमध्ये. आप्पा वाजवायचे आणि आम्ही एकेक जण रस्त्यावर लांब जाऊन हात वर करायचो, ऐकू येतंय म्हणून. समोरचा चहावाला विचारायचा, "मॅडम, मतदान चालू शे का?" तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा सगळ्यांत पुढे गेला. पण डबा पाड्यावर कशाला वाहायचा, असं मीच म्हटलं. तिथे मडकी-भांडी असतातच.

नव्या अ‍ॅम्प्लिफायरची पहिली फेरी उन्हाळ्याच्या शेवटी. ज्या घरी आम्ही उतरायचो तिथल्या वहिनींनी नेहमीसारखी चूल पेटवली होती. दाराजवळच त्यांची कणगी, धान्य साठवायची, बांबूची आणि शेणामातीने लिंपलेली, माणसाच्या छातीएवढी उंच. आप्पांनी टकटक केली आणि त्यांचे डोळे चमकले. अंगणभर लोक जमलेले, आणि हे ओरडले, "ताई, पोकळ शे! एकदम पोकळ!"

अ‍ॅम्प्लिफायर दोरीने आत सोडला. असा आवाज मी जुन्या खोक्याचाही ऐकला नव्हता. समोरच्या डोंगरावरची माणसं उतरून येऊ लागली. आप्पा डोळे मिटून वाजवत होते.

कोपऱ्यात बसलेली एक म्हातारी तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि लोक हसले. गाणाऱ्या मुलींपैकी एक तिथलीच. तिने गाणं थांबवून आप्पांना हळूच सांगितलं, "ती म्हणते, आता सगळ्या डोंगराला कळलं, हिच्या घरात दाणा नाही."

वहिनी चुलीपाशी नव्हत्या. घराच्या मागे जाऊन बसल्या होत्या. चुलीवर आमच्यासाठी भाकरी होती.

आप्पांनी दोरी ओढून अ‍ॅम्प्लिफायर बाहेर काढला. उरलेली गाणी त्यांनी नुसत्या गिटारवर म्हटली, ती पुढे बसलेल्यांच्या पलीकडे कुणाला ऐकू आली नसतील. परतताना नावाडी म्हणाला, "काय आप्पा, आज बोट हलकी."  आप्पांचा हात बोटीच्या लाकडावर होता, पण टकटक केली नाही.

पावसाआधीची शेवटची फेरी. आप्पा जीपपाशी आले ते तेलाचा डबा घेऊन, आणि डबा तोंडापर्यंत ज्वारीने भरलेला. घरची ज्वारी. मी डब्याकडे पाहिलं, त्यांच्या पोटाकडे पाहिलं.

"हाई वजन शे, आप्पा."

"तठे गयावर हलकं होई जाई, ताई."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. डबा मी उचलला. चढावर मला धाप लागली आणि ते मागून सूचना देत राहिले.

घरी पोचल्यावर आप्पा वहिनींच्या पुढ्यात उभे राहिले. चार लोक होतेच. "बहीण, मले डबा रिकामा पाहिजे, आवाजसाठे. भरेल डबा बोलस नही. तुन्ही कणगीमा ओती ल्हे ना, मन्हं काम अडेल शे."

वहिनींनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग डबा उचलून कणगीत उपडा केला. रिकामा डबा आप्पांच्या हातात दिला, आणि आप्पांसारखाच कान तिरपा करून कणगीवर टकटक केली. खोल, घुमणारा आवाज आला.

"पोकळ शे," त्या म्हणाल्या.

आधी म्हातारी हसली, मग सगळे, आणि वहिनी सगळ्यांत जोरात. त्या दिवशी डब्याचा आवाज खालच्या पाण्यापर्यंत गेला, असं नावाड्याने सांगितलं. जुनं खोकं मात्र नदीत टाकू नका, तेवढं बजावलं.

पोळा झाल्यावर आप्पा गेले. घरी, झोपेत. जुन्या खोक्यावर आता ऑफिसातला पाण्याचा माठ असतो. डबा आणि छोटा अ‍ॅम्प्लिफायर मुली नेतात. गिटार वाजवायला कुणी मिळालेलं नाही, त्यातून त्या बोलतात.

पाणी ओसरल्यावर आमच्या फेऱ्या सुरू झाल्या, पण त्या पाड्यावर जाणं झालं ते पिकं निघाल्यावर. वहिनी अंगणातच भेटल्या, माझ्या मागे बघत. आप्पा कुठे, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

 त्यांनी माझा हात धरून मला दाराजवळ नेलं आणि माझी मूठ कणगीवर ठेवली. मी टकटक केली आणि कान लावला.

आतून काहीच आवाज आला नाही.