दाताचं वय

पीएचडी एका दातावर करतेय असं मी गावात सांगितलं, आणि आमच्या अख्ख्या आळीनं मला दातांची डॉक्टर करून टाकलं. टाकव्याला घरी आले की शेजारचे आबा ओट्यावर आ करून बसायचे. "ए डाक्टरीण, ही दाढ बघ की. लय ठणकतीय." मी म्हणायचे, "आबा, माझा पेशंट कधीच मेलाय." "मंग त्याला काय घाई न्हाई. आदी माजं बघ." आता बोला!

माझा पेशंट म्हणजे माणसाची एक दाढ. परदेशातल्या एका गुहेत, मातीच्या बऱ्याच खालच्या थरात सापडलेली. त्या थराचं वय काढलं होतं आणि ते फार जुनं निघालं होतं. थर जुना म्हणून दाढ जुनी, आणि दाढ जुनी म्हणून माणूस आफ्रिकेतून बाहेर पडला तो सगळे समजतात त्याच्या कितीतरी आधी. माझा सगळा प्रबंध या 'म्हणून'वर उभा होता. सहा वर्षं मी त्या 'म्हणून'साठी भांडले, परिषदांमध्ये भांडले, एकदा तर कँटीनमध्ये चहा गार होईपर्यंत भांडले. माझा स्वभावच तसा, धरलं की सोडत नाही. सगळ्यांना खोटं पाडणार म्हणून मनातून गुदगुल्याही होत होत्या, कशाला नाकारू?

प्रबंध द्यायला महिना उरला तेव्हा शेवटचा हात फिरवायला मी घरी आले. उन्हाळा होता. आई भाताच्या खाचरात पाण्याची पाइप टाकायला चर खणत होती. मला बघितलं आणि म्हणाली, "ती कागदं ठेव आन् घमेलं धर." हातभर खाली गेल्यावर मातीत काहीतरी चमकलं. मी ते ओढून काढलं, झटकलं. शॅम्पूची पुडी!

ते खाचर माझ्या पणजोबांनी बांध घालून, माती भरून तयार केलेलं. नांगर जातो वीतभर, त्याच्या खालच्या मातीला त्यांच्यानंतर कुणी हात लावलेला नाही. "आई, पणजोबा शॅम्पूनं न्हायचे वाटतं," मी हसत म्हणाले.

आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "येवडी शिकलीस आन् येवडं कळंना? उन्हाळ्यात हितं पाय जाईल येवड्या भेगा पडत्यात. वरचं जातं आत. पाऊस आला की माती फुगती, भेग मिटती. मंग कुणाला कळतंय, कुटनं गेलं?"

मी घमेलं खाली ठेवलं.

कारण मला कळत होतं. गुहेतली ती खणलेली भिंत मीच कागदावर उतरवली होती, थर न् थर. दाढ निघाली त्या जागेच्या वर वेगळ्या रंगाची एक बारीक रेघ होती, वरच्या थरातून खाली आलेली. मी ती पेन्सिलनं काढली, शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं आणि पक्की आकृती करताना पुसून टाकली. मला कुणी पूस म्हणालं नव्हतं. मला ती रेघ नको होती, म्हणून पुसली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा धड नाही.

संध्याकाळी रेंज मिळते त्या देवळाच्या चौथऱ्यावर जाऊन मी सरांना, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांना, फोन लावला. "सर, थराचं वय नको. दाढेचंच काढू या." दाढेचं वय काढायचं तर तिला ड्रिल लावून आतली पूड काढावी लागते. त्या गुहेतली ती एकुलती एक, आणि एकदा भोक पडलं की पडलं.

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" सर म्हणाले. "सबमिशन तोंडावर आलंय. दाढ अलीकडची निघाली तर तुझ्या हातात काय राहील?"

"माहीत नाही, सर. पण एक रेघ मी पुसली होती." मग सगळं सांगितलं. सर चिडले, आणि त्यांनी चिडायलाच हवं होतं. बरंच बोलून झाल्यावर म्हणाले, "परवानगीचा अर्ज तूच लिही. कारणासकट."

लिहिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण एकही वाक्य गाळलं नाही. नकार आला. पुन्हा लिहिला, पुन्हा नकार. तिसऱ्या खेपेला मी मुदतवाढ घेतली आणि ज्यांच्या ताब्यात ती दाढ होती त्यांच्या दारात जाऊन बसले. "हो म्हणाल तेव्हाच उठेन," म्हटलं. वैतागून का होईना, त्यांनी सही केली.

दाढ अलीकडची निघाली. थोडीथोडकी नाही, चांगलीच. तिच्या मालकाच्या काळात माणूस आफ्रिकेबाहेर कधीचा पोचून चुली मांडून बसला होता.

निकाल आला तेव्हा मी घरीच होते. आई भाकऱ्या करत होती. माझं तोंड बघूनच तिनं विचारलं, "काय झालं गं?"

"दाढ जुनी नाही, आई."

"मंग सा वर्षांचं समदं खोटं ठरलं?"

"हो."

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. "मी त्या भेगांचं बोलले, त्यानं झालं व्हय?"

"नाही गं. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"मंग कुणी ठरवलं खोटं?"

"मीच," मी म्हणाले, आणि इतके दिवस आवरून धरलेलं रडू तेव्हा फुटलं. करपलेली भाकरी आईनं स्वतःच्या ताटात घेतली आणि माझ्यासाठी दुसरी थापायला घेतली.